पैलवान मेव्हणा येतो

"थांबा राव, आता येतंय!" असं म्हणून कातर धरलेला हात वर करणारा तो माणूस तुम्ही पाहिला असता, तर तुम्हीही थांबला असता. गुडघ्यांत दाबलेलं मेंढरू, अंगभर लोकरीचे पुंजके, आणि विनोद अजून कोसभर लांब असतानाच डोळ्यांतून पाणी.

माझं तेव्हा वारूळवाडीला जनावरांच्या औषधांचं दुकान होतं. जंताचं औषध घेऊन मी महाळुंगे पडवळला त्याच्या मेंढ्यांकडे जायचो, एवढ्यावर तो मला डाक्टर म्हणायचा. मेंढ्या कातरायचे दिवस आले की तो सिनेमा सांगायचा. आयुष्यात त्यानं एकच सिनेमा मनावर घेतला होता. एक भुरटा चोर देवळातली बाजाची पेटी पोटाशी बांधतो, वरून घोंगडं पांघरतो आणि पळता पळता एका लग्नघरात सापडतो. घरचे त्यालाच रुसून गेलेला जावई समजतात आणि एकेक जण कडकडून मिठी मारतो. मिठी मारली की पेटी वाजते.

"सासरा भेटला, प्यँ! धाकला मेव्हणा भेटला, प्यँ-प्यँ! आन् मंग डाक्टर, मंग पैलवान मेव्हणा येतो..."

झालं! त्याच्यापुढं गाडी कधी गेलीच नाही. हसून हसून गडी आडवा. पैलवानानं पुढं काय केलं ते मला कितीतरी वर्षं कळलं नाही. असा संताप यायचा म्हणून सांगू! आणि तरी मीही येड्यासारखा हसत बसायचो.

एकदा या हसण्यात गुडघ्यातली मेंढी निसटली. एक बाजू कातरलेली, एक बाजू झिपरी. ती तशीच शेजारच्याच्या कळपात शिरली. शेजारी तिला कानाला धरून घेऊन आला आणि म्हणाला, "घ्या, तुमचं इंटरव्हल आलंय." त्या मेंढीचं नाव शेवटपर्यंत इंटरव्हलच राहिलं.

एक माणूस मात्र हसत नसे. या गड्याचीच बायको, आमच्या वहिनी. लोकर गोळा करता करता सगळं ऐकायच्या आणि म्हणायच्या, "मंग? त्यात काय हसायचं?" की याचा चेहरा एवढासा. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "डाक्टर, सारं गाव हसलं. पर हिला येकदा हसवल्याबिगर मला चैन न्हाई पडायची. लगीन झाल्यापासनं सांगतोय राव!"

मग मीच इरेला पेटलो. मोबाइलवर तो सिनेमा शोधून काढला आणि एका दुपारी त्यांच्या टीव्हीला जोडून दिला. सासरा भेटला. धाकटा मेव्हणा भेटला. याचा हात वर. "थांबा, थांबा, आता येतंय!" पैलवान आला, त्यानं चोराला छातीशी आवळलं, पेटी लांबलचक वाजली, आणि पैलवान डोळे मिटून त्याच सुरावर गवळण म्हणायला लागला! मी लोळलोच. हा तर जमिनीवर, पटका सुटलेला, तोंडातून नुसतं "प्यँ... प्यँ..."

वहिनी टीव्हीकडे बघतच नव्हत्या. त्याच्याकडे बघत होत्या. आधी त्यांनी पदर तोंडाला लावला, मग पदरही हातातून सुटला. अहो, काय हसल्या त्या!

"बगा डाक्टर! म्हणलं व्हतं का नाय? पिच्चरच तसा हाय!"

त्याला वाटलं, सिनेमानंच हसवलं. आम्ही दोघांनी त्याला कधीच खरं सांगितलं नाही.

गेल्या वर्षी तो गेला. छातीत कळ आली आणि दोन दिवसांत संपलं. महिन्याभरानं मी भेटायला गेलो, तर वहिनी म्हणाल्या, "डाक्टर, त्यांचा पिच्चर लावा की." माझा धीर होईना, पण लावला. सासरा भेटला. धाकटा मेव्हणा भेटला. मी आपला खाली मान घालून बसलो होतो.

शेजारी वहिनींचा हात वर गेला. पैलवान अजून दारातही आला नव्हता, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं.

"थांबा," त्या म्हणाल्या, "आता येतंय."