बेसची चार भोकं

रोह्याच्या कंपनीत डावा हात मशीनमध्ये सापडला आणि माझी करंगळी कायमची ताठ झाली. गिटार सुटली. पुढे कधीतरी मी बेस गिटारचा किट मागवला. चारच जाड तारा, तीन बोटांवर जमेल असं वाटलं.

पेणच्या घरी जेवणाच्या टेबलावर एकेक भाग जोडत आणला. शेवटी राहिली ती गिटारची लांब मान. ती स्क्रूने धडाला बसवायची, त्यासाठी मानेला मागून चार भोकं पाडायची. ड्रिल जरा जास्त आत गेलं, की समोरून बाहेर येणार आणि मान वाया जाणार. किती खोल जायचं ते कळावं म्हणून मी ड्रिलच्या टोकाच्या बिटला चिकटपट्टी गुंडाळली. पण मशीन उचललं की टोक भोकाच्या जागेवरून सरकायचं. मी ते परत खाली ठेवायचो.

एवढ्यात बायको कारखान्यातून आली. ती गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखते. मी मशीन तिच्यापुढे केलं. "तूच मार. तुझा हात चुकत नाय."

"कोण म्हणतं? डोळ्याला ब्रश लावताना रोज भीती वाटते मला," ती म्हणाली. "मी मान धरते, मार तू."

तिने दोन्ही हातांनी मान दाबून धरली. प्रत्येक भोकानंतर मी ती उलटी करून बघत होतो. चौथं संपलं तेव्हा शर्ट घामाने भिजला होता, पण समोरची बाजू शाबूत होती.

तारा चढवल्यावर सगळ्यात जाड तार खरखरली.

"असाच असतो काय आवाज ह्याचा?" तिने विचारलं.

"नाय," मी म्हटलं, "पण वाजली."