सुनेसाठी इंग्रजी

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत इंग्रजीचा जेवढा छळ माझ्या धाकट्या दिरांनी केला, तेवढा कोणत्या नापास पोरानेही केला नसेल. पोरे निदान परीक्षा संपली की तिला सोडून देतात. हे पासष्टीनंतर तिच्या मागे लागले. त्यांचा मुलगा बंगलोरला नोकरीला. त्याने तिकडेच तामिळनाडूची मुलगी केली. तिला मराठी येत नाही, हिंदी येत नाही आणि दिवाळीला ती पहिल्यांदा घरी येणार. दीर मला म्हणाले, "पोरगी आपल्या घरात मुकी बसली, तं पुन्हा येईन काय, वयनी?" घरात आम्ही दोघेच; मी विधवा, ते विधुर. मी चौथी शिकलेली. इंग्रजी म्हणजे मला कप आणि बस.

मग त्यांनी अमरावतीला इंग्रजी बोलायचा क्लास लावला. कॉलेजातल्या पोरांमध्ये टोपी घालून पहिल्या बाकावर बसत. परत गावी, भातकुलीला येताना एसटीत तोच धडा कंडक्टरवर. तो एकदा म्हणाला, "काका, सरळ भातकुली म्हना, नाही तं लंडनचं तिकीट फाडतो." मग बैलांची पाळी आली. वखर हाकताना 'गो', 'टर्न', 'स्टॉप'. महिन्याभरात बैल असे शिकले की गड्याचे ऐकेनात. गडी हात जोडून म्हणाला, "बाई, मलेच वखराले जुंपा, पन या बैलाइसंग इंग्रजी बोलायले लावू नका." बैल पास झाले, दिरांचे सांगता येत नव्हते. त्यातच क्लासच्या मास्तरांनी इंग्रजी रीतभातही शिकवली. एकदा मी चहा दिला तर 'थँक्यू' म्हणाले. इतक्या वर्षांत चहाबद्दल कधी शब्द नाही. मला वाटले दूध नासले, म्हणून मी कप परत घेतला.

सून आली. सावळी, हसरी. मुलगा तिला सोडून शेताच्या कागदांसाठी दोन दिवस अकोल्याला गेला. मी पुरणपोळ्या केल्या होत्या. एक पोळी संपली, मी दुसरी घेऊन गेले, तर तिने हात आडवा करून 'नो' म्हटले. आमच्याकडे पाहुण्याने नको म्हणायचे असते आणि आपण त्याच्या बोटांच्या फटीतून वाढायचे असते. आग्रहात तर दिरांचा हात कोणी धरत नसे. पण त्या दिवशी त्यांनी माझाच हात धरला. "थांबा वयनी. इंग्रजीत नाही म्हनजे नाहीच रायते. जबरदस्ती केली तं थे लोक अपमान समजतात. मास्तरनं सांगतलं." मी पोळी परत नेली. रात्री एकच भाकर, दुसऱ्या दिवशीही तेच. दर वेळी दीर हसून 'ओके' म्हणत आणि आपली रीतभात बरोबर निघाली म्हणून खूश होत. पोरीचे तोंड उतरत चालले, ते मला दिसत होते. मला वाटले, आपले तिखट सोसत नसेल.

मुलगा परतला. ती त्याच्यापाशी रडली. त्याने बाहेर येऊन सांगितले की तिच्या आईने शिकवून पाठवले होते, सासरी पहिल्यांदा नको म्हणायचे, दुसऱ्यांदा विचारले की घ्यायचे. "इथं दुसऱ्यांदा कोनी विचारलंच नाही, बाबा. लग्न तुमाले पसंत नाही, असं तिले वाटून राहिलं."

दुपारच्या जेवणाला दिरांनी पोळ्यांचे ताट माझ्या हातातून घेतले आणि सुनेसमोर पाट ओढून बसले. क्लासात शिकलेला एकही शब्द त्यांना आठवला नाही. "घे वं माय," म्हणाले. तिने हात आडवा केला. "असं काहून करतं? अर्धी घे. बरं, माह्यासाठी घे." तिने हात काढला नाही, फक्त बोटे थोडी फाकवली. चार पोळ्या खाल्ल्या पोरीने. तूप माझे संपले.

आता ती बंगलोरला आहे आणि क्लास बंद आहे. संध्याकाळी फोनवर दीर विचारतात, "जेवली काय वं?" तेवढे मराठी तिला कळते. ती जेवली असली तरी "नाही" म्हणते, म्हणजे हे पुन्हा विचारतात. फोन ठेवला की ओसरीवर बसून राहतात. मी जेवायला हाक मारते, तर नको म्हणतात. माझे गुडघे दुखतात. तरी उठून बाहेर जाते आणि दुसऱ्यांदा विचारते.