हरिशंकरपुरमचा सा

मधुसूदनरावांना उतारवयात ॲम्बियंट संगीताचं खूळ लागलं. ना तबला, ना बोल. लॅपटॉपवर लांबलचक सूर थरावर थर देऊन पसरायचे, बस्स. शेजारच्या कुसुमताईंनी सरळ म्हातारचळ ठरवून टाकला. म्हणोत बापड्या! पत्नी इंदुताई गेल्यापासून हरिशंकरपुरमच्या त्या घरात मधुसूदनरावांशी बोलणारं होतं कोण?

मुलगा राघव हैदराबादला. त्याला यायला सवड नाही अन् फोनवर बोलायला विषय नाही. पण हा सूर रचायचा प्रोग्रॅम त्यानंच लॅपटॉपवर टाकून दिला होता. म्हणून मधुसूदनरावांची आस एवढीच, की असं काहीतरी जमावं, जे ऐकून पोराला घरी यावंसं वाटेल.

चुकतमाकत ते शिकले. दोन सूर एकाच जागी बसवले की रेटारेटी होते. मग एकाला वर न्यायचं, दुसऱ्याला दबता ठेवायचं. गांधार, त्याच्यावर पंचम, अन् निषाद अगदी विरळ. जुळवता जुळवता एके दिवशी सगळं असं मिळून आलं, की त्यांचे डोळेच भरले. लगेच राघवला पाठवलं.

राघवचा फोन आला. "अच्छा है बाबा, पण खालून पोकळ वाटतं. सा कुठाय?"

मधुसूदनरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "कान तपासून घे!" म्हणत त्यांनी फोन ठेवला अन् तावातावानं तेच पुन्हा लावलं. कसं भरीव लागत होतं! तेवढ्यात वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला, पण सूर एकदम अधांतरी लोंबकळायला लागले. वीज आली, स्वयंपाकघरातला जुना फ्रिज घुं करत सुरू झाला, अन् सगळे सूर पुन्हा जागेवर बसले.

आता बोला! घरात सोबतीला तो एकच आवाज, अन् तो कानात इतका मुरलेला, की त्यांनी सगळे थर त्याच्यावरच रचले होते. सा फ्रिज देत होता. स्वतःचा टाकायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

त्यांनी हसत हसत राघवला सगळं सांगितलं. "हे फक्त आपल्याच घरात लागतं बघ. ये ना ऐकायला!"

राघवही पोट धरून हसला. कितीतरी दिवसांनी हसला. मग म्हणाला, "अहो बाबा, फ्रिजचा आवाज रेकॉर्ड करून खाली टाका की. दो मिनट का काम है."

काम खरंच तेवढंच होतं. मधुसूदनरावांनी फ्रिजपाशी मोबाइल धरला, तो घुमारा सगळ्यांच्या खाली अंथरला अन् पाठवून दिला.

संध्याकाळी राघवचा मेसेज आला, "अब परफेक्ट है, बाबा. इथे बसून अगदी घरी आल्यासारखं वाटलं."

झालं! आता पोरानं यावं तरी कशाला?