जायफळाचे दोन वेढे

शालनकाकूंना भलता तोरा होता, आणि तो एका वहीचा! मूळच्या कराडच्या बाई. नवरा जनार्दन रेल्वेत, बदली झाली म्हणून जयपूरला आल्या आणि जगतपुऱ्यातल्या दोन खोल्यांत पाळणाघर थाटून बसल्या. कोणतं पोर किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं, हसत उठलं की रडत, सगळं वहीत. संध्याकाळी आया न्यायला आल्या की काकू चष्मा लावून वाचून दाखवायच्या.

आठ महिन्यांच्या स्वानंदीनं मात्र त्या वहीची पार रया घालवली. वीस मिनिटं डोळा लागायचा की भोकाड! तिची आई प्रियंका जवळच्याच कॉलेजात शिकवायची. जागरणांनी बिचारीचे डोळे सुजलेले.

"काकू, काहीतरी करा हो," ती एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली.

काकूंनी केलं. स्वतःच्या लेकरांना केलं होतं तेच. सहाणेवर बाळगुटी उगाळली आणि झोपेसाठी जायफळाचे दोन वेढे जास्त दिले. प्रियंकाला सांगितलं नाही. हल्लीच्या शिकलेल्या पोरी, लगेच मोबाइल उघडून बसायच्या! वहीतही लिहिलं नाही.

आणि काय सांगावं, पोर झोपू लागलं. आधी तासभर, मग दोन तास, शुक्रवारी पावणेतीन. काकू आकडा वाचताना अशा फुलल्या की विचारू नका. प्रियंकानं त्यांचे हात धरले. "काकू, जादू आहे तुमच्या हाताला."

सोमवारी स्वानंदी आली तीच पेंगत. काकूंनी नेम मोडला नाही, गुटी चाटवली. अकराला पोर झोपलं. दोन वाजले, तीन वाजले. काकूंनी बाटली ओठाला लावली, ओठ हलले नाहीत. तळपायावर टिचक्या मारल्या, तोंडावरून ओला हात फिरवला. मान एका बाजूला कलंडली.

"अगं बाई गं! स्वानंदी! ए बाळा!"

शेजारणीवर बाकीची पोरं सोपवून, वही काखेत मारून काकू अनवाणीच रिक्षात बसल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचा हात पोराच्या छातीवरून हलला नाही. श्वास चालू होता, पण किती सावकाश!

प्रियंका आणि तिच्या सासूबाई, मंदाकिनीबाई, धावत आल्या. सासूबाई आठवड्यापूर्वीच कोल्हापूरहून आल्या होत्या. डॉक्टरांनी वही चाळली.

"इसमें तो सिर्फ टाइम है. बच्ची को दिया क्या था?"

बोललं की उद्यापासून पाळणाघर बंद, हे त्यांना लख्ख कळत होतं. पण पलंगावरची ती इवलीशी मूठ सैल पडली होती. काकू बोलल्या. गुटी, जायफळ, दोन वेढे, सगळं.

मंदाकिनीबाई मटकन बाकावर बसल्या. "अरे देवा! मी पण देतेय की! आल्यापासून रोज सकाळी, ही आंघोळीला गेली की. जायफळच!"

प्रियंकानं लेकीची सैल मूठ आपल्या मुठीत धरली.

सलाइन लागलं. साडेपाचला स्वानंदीनं पाय झाडले आणि असं काही रडली की नर्ससुद्धा हसली. काकूंनी सवयीनं हात पुढे केले. प्रियंकानं लेकीला उचलून घट्ट छातीशी धरलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"जायफळ तुम्हा दोघींना सुचलं," ती म्हणाली. "मी आई आहे हिची. मला एकदा विचारावं, हे एकीलाही सुचलं नाही?"