मामांची पाठ

एका जिवंत माणसाला मी अडीच ओळींत मारलं. तेही सकाळी साडेदहाला, चहा पिता पिता.

आमचं मासिक इंटरनेटवर निघतं. कविता, चित्रं, गाणं यांच्याबद्दल चार शहाणी माणसं लिहितात आणि ते लिहिलेलं मी चढवतो. कार्यालय म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. त्या आठवड्यात एका नावाजलेल्या चित्रकाराच्या जुन्या कामावर लेख होता. त्यातलं एक चित्र मोठं द्यायचं ठरलं. खिडकीकडे तोंड करून स्टुलावर बसलेला उघडा माणूस, पाठमोरा. टक्कल, उतरलेले खांदे, मणके एकेक करून मोजून घ्यावेत असे. चित्राखाली जागा मोकळी राहत होती. संपादक म्हणाले, "दोन ओळी टाक काहीतरी, बोडकं दिसतंय."

मी टाकल्या. 'पाठमोरा वृद्ध. ज्यांना बसवून हे चित्र काढलं ते गृहस्थ आज हयात नाहीत, पण त्यांच्या पाठीवर एका अख्ख्या काळाचं ओझं दिसतं.'

हयात नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चित्र बावीस वर्षांपूर्वीचं, माणूस सत्तरीचा दिसत होता, पुढचं गणित मी मनात केलं. शिवाय वाक्याला वजन येत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरचे मामा जिना चढून वर आले. मामा आणि मामी माझे घरमालक. मामा कुणाचे सख्खे मामा आहेत हे मला माहीत नाही, सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. हातात मामींचा फोन होता आणि फोनवर आमचं मासिक.

"हे तू लिहिलंस?"

"हो," मी म्हणालो. कौतुक व्हायची शक्यता आहे असं वाटून शर्टही सारखा केला.

"छान आहे. ओझं वगैरे. एकच शंका. मी गेलो कधी?"

मी फोनकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि सदरा मानेपर्यंत वर ओढला. समोर चित्र उभं होतं, फक्त खिडकी नव्हती.

ती पाठ मी दोन वर्षं रोज बघत होतो. नळावर वाकलेली, सायकलला कुलूप लावणारी, खुर्चीत पेपर वाचणारी. आमच्या शाळेत कविता पाठ करून घ्यायचे आणि चित्रकलेच्या तासाला गणित घ्यायचे. त्यामुळे मला पुष्कळ गोष्टी पाठ आहेत, पण पाठ नावाची गोष्ट मी कधी बघितलेलीच नव्हती.

"आणि वृद्ध कोण रे? एक्केचाळीसचा होतो मी तेव्हा. टक्कल मला लग्नातच होतं. विचार तिला."

"अर्धं होतं!" खालून मामींचा आवाज आला. "आणि मेल्यावर तरी घरी बसाल असं वाटलं होतं, तर निघाले भांडायला!"

मामांचा धंदा काचा बसवण्याचा. खिडक्या, शोकेस, आरसे, फोटोंच्या चौकटी. चित्रकलेच्या कॉलेजात ते पहिल्यांदा गेले ते फुटलेली तावदानं बदलायला. पुट्टी वाळेपर्यंत काम नव्हतं, म्हणून उघड्या अंगाने खिडकीशी उन्हात बसून राहिले. मागे वर्ग चालू होता. अर्ध्या तासाने वळून बघतात तो अठरा पोरं त्यांचं चित्र काढतायत आणि मास्तर म्हणतोय, "हलू नका, हलू नका!" तेव्हापासून काच बसवणारा माणूस स्वतःच बसू लागला. सत्तावीस वर्षं, दर गुरुवारी. त्या चित्रकाराने त्यांना पाहिलं ते तिथेच.

"बसणं सोपं वाटतं लोकांना," ते म्हणाले. "सिनेमात बसतात तसं नाही ते. मांडीला मुंगी चावली तर मांडी मुंगीची, असं समजून बसायचं असतं."

चित्राखालची ओळ मी चार मिनिटांत दुरुस्त केली. ऑनलाइन मासिकाचा हा मोठा फायदा, चूक मागे खूण ठेवत नाही. तोटा असा की दुरुस्ती वाचलेला एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. मूळ चूक मात्र कॉलेजच्या ऑफिसात वेळेवर पोचली होती. तिथल्या क्लार्कने मामांचं नाव गुरुवारच्या यादीतून काढून टाकलं होतं, आणि वर्गात दोन मिनिटं शांतता पाळून झाली होती.

"दोन मिनिटं?" फोनवर हे ऐकून मामांनी विचारलं. "त्यात हलले किती जण?"

क्लार्कला विनोद कळला नाही. "तुम्ही स्वतःच बोलताय का?"

"मग काय माझा आत्मा बोलतोय?"

"तसं नाही हो, पण नोंद झालीय ना. असं करा, हयातीचा दाखला आणा."

मामांनी फोन ठेवला. मला वाटलं, आता माझी खोली जाणार. ते फक्त म्हणाले, "गुरुवारी तू यायचंस माझ्याबरोबर. मारलंयस तू, उठवायचंही तूच."

बुधवारी संध्याकाळी मामींनी मला जिन्यात गाठलं. हातात मामांचा सदरा होता, त्याची बटणं काढून त्या दाबायची टिचबटणं लावत होत्या.

"नको नेऊस रे त्यांना," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हात बघितलायस का उजवा? थरथरतो. सहा महिने झाले. कपबशी धरवत नाही, काचेला तर हात लावू देत नाही मी. कॉलेजात कुणाला माहीत नाही. पाठ करून बसतात ना, मागून हात कुठे दिसतो? एवढ्या वर्षांत कुणी नको म्हटलं नाही त्यांना. आता उद्या म्हणतील, आणि ते पडलेलं तोंड घेऊन माझ्यासमोर घरी येतील. त्यापेक्षा तू मारलंस ते काय वाईट होतं?"

"टिचबटणं छान लागलीत," मी म्हणालो. लेखात असतं तर याहून बरं सुचलं असतं.

गुरुवारी बसमध्ये मामा खिडकीशी बसले होते, उजवा हात डाव्या हाताखाली दाबून. मी म्हणालो, "मामा, मामी म्हणत होत्या की..."

"माहितीये काय म्हणत होती. मामी मला बघते ना, तेव्हा बटण बघते. औषध घेतलं का ते बघते. मला कोण बघतं? तिथे एकवीस पोरं पाऊण तास बघतात. कानाची पाळी चुकली तर खोडून परत काढतात. तू काढशील?"

वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. चित्राचा कागद टेकवायचे लाकडी घोडे गोलाकार मांडलेले, मध्ये स्टूल, जमिनीवर खडूने पावलांच्या खुणा. शिकवणाऱ्या बाई स्वतः याच वर्गात शिकलेल्या. मामा दारात दिसल्यावर त्या हसत सुटल्या. "मला वाटलंच होतं! तुम्ही न सांगता जाणार नाहीत." माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हीच का ते ओझंवाले?"

मामांनी सदरा काढला, टिचबटणं टचाटच सुटली. ते सवयीने खिडकीकडे तोंड करून बसले.

"मामा, आज तोंड इकडे करा."

"पाठ चालेल की."

"सहा महिने पाठच देताय. मुलांना वाटायला लागलंय माणसाला पुढची बाजू नसतेच."

पोरं हसली. मामा हसले नाहीत. मग स्टुलावर वळले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. उजवा लगेच सुरू झाला. अख्खं शरीर दगड आणि तेवढा हात जिवंत, मुठीत पाखरू धरल्यासारखा. पेन्सिली चालायच्या थांबल्या. पुढच्या रांगेतली एक मुलगी खोडून खोडून कागद फाटेपर्यंत आली आणि शेवटी म्हणाली, "मामा, हात हलतोय."

"हलू दे. तू तुझा सांभाळ."

बाईंनी विसाव्या मिनिटाला विचारलं, थांबायचं का. मामांनी मान हलवली नाही, हलवणार कसे, नुसतं "अंहं" केलं. पाऊण तास बसले. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला, तिथे लोंबला, पडला.

संपल्यावर नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ते सदरा न घालताच कागद बघत फिरले. मी मागोमाग. एकवीस कागदांपैकी चौदांवर उजवा हात मनगटापाशी संपत होता. पाच जणांनी तो शहाण्यासारखा स्थिर काढला होता. एकाने तिथे नुसतं काळं करून टाकलं होतं. कागद फाडत आणणाऱ्या मुलीच्या चित्रात मात्र एकावर एक सात-आठ हात होते, सगळे चुकीचे. त्याच्यासमोर मामा जास्त थांबले.

"बाई, हलणारा हात काढायला शिकवता का तुम्ही?"

"मला नाही येत."

"मग?"

"मग या ना पुढच्या गुरुवारी. पण वीस मिनिटंच हं, पाऊण तास नाही."

"वीस मिनिटांत माणूस बसत नाही, नुसता टेकतो."

"मग टेका," बाई म्हणाल्या, आणि क्लार्कला न विचारता त्यांनी दारावरच्या फळ्यावर मामांचं नाव खडूने लिहिलं. मामांनी ते वाचलं, सदरा घातला. वाटेत कुठेही त्यांनी तो हात लपवला नाही. बसचं तिकीट त्यानेच काढलं, सुटे पैसे दोनदा सांडले, कंडक्टरने आणि मी मिळून वेचले.

घरी मामींना त्यांनी एवढंच सांगितलं, "वीस मिनिटं मिळाली." मामींनी विचारलं, "आणि हात?" "तो पण लागतोय त्यांना." मामी आत गेल्या. थोड्या वेळाने चहा आला तो कपबशीत नाही, पेल्यात.

माझी सुटका झाली नाही. मामांनी दुसऱ्या दिवशी भरपाई मागितली. एक तास मी त्यांच्यासमोर हलायचं नाही, ते नुसतं बघणार. चित्र काढायचं नाही त्यांना. "सत्तावीस वर्षं लोकांनी मला बघितलं, आता जरा मी बघतो."

रविवारी त्यांच्या टेबलापाशी बसलो. नाक खाजलं, सोसलं. फोन वाजला, सोसला. अकराव्या मिनिटाला माझी नजर खाली त्यांच्या हाताकडे गेली आणि तिथेच राहिली.

"बाद," मामा म्हणाले. "बसणाऱ्याने बघायचं नसतं."

एकोणपन्नास मिनिटं बाकी आहेत. जिन्यात भेटले की मामा विचारतात, आणि मी म्हणतो, मामा, या आठवड्यात अंक आहे.