साडूंचं गाळाचं धरण

पाण्यावर काडीचाही विश्वास न ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, हे यजमान मूळचे मुरूमचे. मातीच्या नावाच्या गावात जन्मलेला माणूस मातीतच जायचा, असं आमची ही म्हणते. नोकरीभर त्यांनी परमुलखातल्या खाणींवर गाळाची धरणं बांधली. धातू काढून घेतल्यावर उरतो तो चिखल अडवणारी धरणं. "साधं धरण फुटलं तर पाणी येतं अन् निघून जातं. गाळाचं फुटलं की गाळ येतो, अन् तो जात न्हाई," हे ते कुणालाही सांगत. आमच्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी ते व्याह्यांना सांगितलं, तेव्हा व्याही बराच वेळ माझ्याकडे बघत होते.

निवृत्त होऊन तुळजापुरात राहायला आल्यावर तर त्यांना मोकळं रानच मिळालं. फिरायला निघाले की दिसेल त्या शेताच्या बांधाला छत्रीचं टोक टोचायचे आणि शेतकऱ्याला विचारायचे, "खेकडं लई झालीत का हो?" खेकड्यांच्या बिळांनी बांध पोखरला जातो, या चिंतेनं त्यांना परक्याच्या शेतातही घाम फुटायचा. भातात आळं करून आमटी ओतली की ती कुठल्या बाजूनं झिरपते हे पाहिल्याशिवाय पहिला घास नाही. "अहो, जेवा की! फुटलं तर आणखी वाढीन," आक्का ओरडायच्या. माती पाण्यात ढवळून ती कशी बसते हे पाहायला ते बरण्या भरून ठेवत. त्यातली एक आंबील समजून आक्कांनी पाहुण्याला दिली. पाहुणा भिडस्त होता, अर्धी प्यायला.

अशा माणसाला तामलवाडीकडच्या एका दगडखाणीच्या मालकानं बोलावलं. तिथं दगड भरडून वाळू करत आणि ती धुतल्यावर उरणारा गाळ साठवायला बांध घालायचा होता. मालकानं नाल्याच्या तोंडाशी फक्कीची रेघ मारूनच ठेवली होती. भरावाला खाणीवर फुकट पडलेली दगडाची भुकटी वापरायची, म्हणजे काम झटपट.

साडूंनी मूठभर भुकटी घेतली, पाण्यात भिजवली आणि तळहात नुसता हलवला. भुकटी पातळ होऊन बोटांतून ओघळली. "मालक, हा बांध न्हाई. ही खीर हाय."

"साहेब, तुमी लईच घाबरता. दुसरा कुणीबी नकाशा काढून देईल."

"देईल की. मी न्हाई देणार."

मला वाटलं, प्रकरण संपलं. पण साडू पेटले. नाल्याच्या खाली धनगरांची एक वस्ती होती. तिथल्या एका म्हाताऱ्याशी त्यांनी ओळख काढली आणि त्याच्या दारात मालकाला जेवायला बोलावलं. मीही होतो. भाकरी, पिठलं, ठेचा असा बेत होता. मालक मजेत जेवत होता. त्याचं पोट भरल्यावर साडू शांतपणे म्हणाले, "मालक, जरा वर बघा."

वर, आमच्या डोक्यावर, फक्कीची ती रेघ दिसत होती. खाली अंगणात कोकरं उड्या मारत होती, पाळण्यात एक लेकरू झोपलेलं.

मालकानं आधी रेघेकडे, मग पाळण्याकडे पाहिलं. "इतकं जवळ हाय व्हय? वरून न्हाई दिसत."

"वरून कुणालाच न्हाई दिसत," साडू म्हणाले.

मग जागा बदलली. नाला सोडून पलीकडच्या पठारावर, कठीण खडक लागेपर्यंत चर खोदला. मध्ये चिकणमातीचा गाभा, झिरपा बाहेर यायला वाळूचा थर, जादा पाण्याला दगडी सांडवा. प्रत्येक थर रोलरखाली दबला की साडू त्यावर टाच मारून बघत. पसंत पडला नाही तर उकरायला लावत. मुकादम त्यांना पाठीमागं 'टाचवाले बाबा' म्हणू लागला आणि मालक दर आठवड्याला कपाळाला हात लावू लागला. साडू ढळले नाहीत.

पुढं एका परतीच्या पावसानं अक्षरशः झोडपलं. साडू छत्री घेऊन निघाले, मागं मी. सांडवा धो धो वाहत होता. साडूंनी तिकडं पाहिलंही नाही. ते बांधाच्या पायथ्याशी उकिडवे बसले आणि झिरपा ओंजळीत घेऊन बघत राहिले. पाणी नितळ होतं. "माती वाहत न्हाई," ते म्हणाले. चिंब भिजलेल्या त्या माणसाचा चेहरा लग्नातल्या फोटोतही इतका खुललेला नाही.

हल्ली त्यांचे गुडघे चालत नाहीत. पावसाळ्यात बांधाचा झिरपा बघायला मला पाठवतात. परवा गेलो तर बांध झाल्यावर वस्तीवर लग्न होऊन आलेल्या एका सुनेनं विचारलं, "ते छत्रीवालं आजोबा येत न्हाईत का आता? सारखं पाणी बघायचं. त्यास्नी सांगा, आमच्यात पाणी लई हाय, वाटंल तेवढं न्या."

मी ते साडूंना जसंच्या तसं सांगितलं. ते खूप हसले. मग गुडघे चोळू लागले.

"तिला काय ठाऊक न्हाई, तेच बरं," ते हळूच म्हणाले. "गाळाचं धरण लोकांना फुटल्यावरच ठाऊक होतं."