नायलॉन फुगत नाही

काडी ओढायची, लेथवरून निघालेली प्लॅस्टिकची साल पेटवायची, फुंकून विझवायची आणि धूर थेट समोरच्याच्या नाकाखाली धरायचा. "घ्या वास. काय म्हणतंय?"

आमच्या लातूरच्या कारखान्यातले टर्नरमामा माल असा ओळखायचे. जळक्या केसांचा वास आला तर नायलॉन. डोळे चुरचुरले तर ॲसिटाल. असा एखादा मामा तुम्हीही पाहिला असेल. त्याच्यापुढे आपलं शिक्षण खिशात घालावं लागतं.

मी खरेदी बघायचो. डिप्लोमा माझ्याकडे, नाक त्यांच्याकडे. एकदा नांदेडहून ॲसिटालचा म्हणून पांढरा दांडा मोठ्या ऐटीत खांद्यावर टाकून आणला. मामांनी साल पेटवली, हुंगली. "सायेब, मेणबत्ती आणली तुमी. दिवाळीला कामाला यील." साधं पॉलिथिन निघालं. पुढे महिनाभर मी मेणबत्तीसायेब. मीही हसायचो, दात दिसतील इतपत.

मामांना गर्व एकाच गोष्टीचा, मापाचा. व्हर्नियर एकदाच लावायचे. दुसऱ्यांदा मापतो त्याचा स्वतःवर भरवसा नसतो, म्हणायचे.

मग अर्धापूरचं काम आलं, केळी धुण्याचं यंत्र. त्याचा शाफ्ट ज्यांच्यात फिरतो ते प्लॅस्टिकचे गोल बुश हवे होते.

"पाण्यातलं काम हाय," मामा म्हणाले. "नायलॉन पाणी पितं अन् फुगतं. ॲसिटाल घ्या."

मी नायलॉन घेतलं. मालकांना सांगितलं, लवकर मिळतं. खरं कारण मेणबत्ती.

पंधरा दिवसांत यंत्र अडकलं. बुशांनी शाफ्ट आवळून धरला होता. मालकांनी चूक कुणाची विचारलं, आणि मी म्हणालो, मामांनी माप घट्ट काढलंय.

मामांचा चेहरा उतरला. शिल्लक राहिलेला एक बुश त्यांनी सगळ्यांसमोर मापून दाखवला. बरोबर होता. हा एक असेल बरोबर, बाकीचे नसतील, मी म्हणालो. तेव्हा त्यांनी तो माझ्या टेबलाशेजारच्या बादलीत बुडवला आणि वर झाकण ठेवलं. "आठ दिसांनी मापा. फुगला न्हाई तर चूक माझी."

त्याच दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी बुश काढला, पुसला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. मामा झाकण उघडून बघणार नाहीत, याची मला खात्री होती. दुसऱ्यांदा बघणं त्यांच्यात नव्हतंच. आठव्या दिवशी सकाळी बुश परत पाण्यात.

केसभरही फरक नव्हता. मामांनी व्हर्नियर पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा.

"न्हाई फुगत की," ते हळूच म्हणाले. "म्हंजी माझंच चुकलं."

त्यांना कुणी काढलं नाही. पण त्या दिवसापासून ते प्रत्येक नग चार-चारदा मापायला लागले. मापता मापता हात कापायला लागला. शेवटी आपणहूनच गावी, किल्लारीला गेले. जाताना माझ्या टेबलाशी आले. "तुमाला हसलो, वरून तुमच्या मालावर आळ घेतला. राग धरू नका."

जाऊ द्या मामा, म्हणालो मी. मोठ्या मनाने.

परवा किल्लारीचा एकजण भेटला. मामा गावात पाण्याचे पंप दुरुस्त करतात, म्हणाला. बुश नायलॉनचेच घालतात. फुगत न्हाई, मी सोता मापलंय, असं लोकांना सांगतात.

"अन् पंप अडकला की?" मी विचारलं.

"बुश काढून परत मापतात. म्हणतात, हात गेला माझा."